अंगण खरंच वाकडं असेल तर?

‘नाचता येईना अंगण वाकडं’ ही म्हण कामाच्या ठिकाणी फार स्वस्त झाली आहे. एखाद्याचं काम मागे पडलं आणि त्याने यंत्राचं, माहितीचं किंवा वेळेचं कारण सांगितलं, की समोरचा ही म्हण ऐकवून मोकळा होतो. म्हणीत अंगण सपाट आहे हे गृहीतच धरलेलं असतं. पण घसरलेल्या कामाची नीट तपासणी करायला बसलं, की आधी अंगणच मोजावं लागतं. ते कोणत्या क्रमाने मोजायचं, कुठे काय बिघडतं आणि नाचणाऱ्याकडे कधी वळायचं, त्याबद्दल ही पोस्ट.

सुरुवात लाल मण्यांपासून करू. एडवर्ड्स डेमिंग हे संख्याशास्त्रज्ञ आपल्या शिबिरांत एक खेळ करून दाखवत. भांड्यात 4000 मणी, त्यातले 3200 पांढरे आणि 800 लाल. हातात 50 खळग्यांची फळी. श्रोत्यांमधून पुढे आलेल्या ‘कामगारांनी’ ती मण्यांत बुडवायची आणि भरून बाहेर काढायची. पांढरा मणी म्हणजे चांगला माल, लाल म्हणजे खराब. दर पाच मण्यांत एक लाल असल्याने फळीवर सरासरी 10 लाल मणी येणार हे उघड आहे. पण एकाच्या फळीवर 6 येतात, दुसऱ्याच्या 14. डेमिंग मॅनेजरचा आव आणून पहिल्याची पाठ थोपटत, दुसऱ्याला झापत. पुढच्या फेरीत आकडे फिरले की बक्षीसही फिरायचं. गणिताने पाहिलं तर 2 पासून 18 पर्यंत कितीही लाल मणी निव्वळ योगायोगाने येऊ शकतात. कामगाराच्या मेहनतीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. भांड्यात कुठले मणी घालायचे हे त्याच्या हातात कधी नव्हतंच.

खऱ्या कामात माणसाच्या हातात काहीच नसतं असं नाही, त्यामुळे हा खेळ शब्दशः घ्यायचा नाही. पण महिन्याचा अहवाल उघडून ‘हा पहिला, ती शेवटची’ अशी क्रमवारी लावण्यापूर्वी एवढं विचारायला हवं: हा फरक मण्यांचा आहे की हातांचा? एका महिन्याच्या आकड्यावरून ते कळत नाही. किमान दहा-बारा आठवड्यांचे आकडे एका रेषेवर मांडा. ज्याची रेषा सतत इतरांच्या खाली आहे त्याच्याबद्दल वेगळा विचार करायचा. जो कधी वर, कधी खाली असतो त्याला बोलावून जाब विचारण्यात दोघांचाही वेळ जातो.

आधी तफावत आकड्यात

‘काम समाधानकारक नाही’ हे वाक्य तपासणीला निरुपयोगी आहे. ‘दर 100 नोंदींत 6 चुका होतात, 2 पर्यंत चालतात’ हे उपयोगी आहे. तफावत आकड्यात आली की लगेच दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, ही अडचण एकाची आहे की सगळ्यांची? दहापैकी आठ जण 5 ते 7 चुका करत असतील तर आठही जण निष्काळजी निघण्यापेक्षा फॉर्म किचकट असण्याची शक्यता कितीतरी जास्त. दुसरी, हे कधीपासून? तीन महिन्यांपूर्वी ठीक चालणारा माणूस अचानक घसरला असेल तर त्या सुमारास काय बदललं ते शोधा. नवं सॉफ्टवेअर आलं, शिफ्ट बदलली, शेजारच्या विभागाने एक काम इकडे ढकललं, असं काहीतरी सापडतं. माणसाचा स्वभाव तीन महिन्यांत बदलत नाही.

कामगिरीचे अमेरिकन अभ्यासक थॉमस गिल्बर्ट यांनी 1970च्या दशकात यासाठी एक सोपा भागाकार सुचवला होता. सर्वांत चांगलं काम करणाऱ्याचा आकडा घ्या आणि त्याला सरासरी आकड्याने भागा. उत्तम व्यक्ती दिवसाला 40 फाइली निकालात काढते आणि सरासरी 28 असेल तर उत्तर 1.43. उत्तर 1.1च्या आसपास असेल तर माणसांच्या मागे लागून फार काही हाती लागणार नाही, सगळेच जवळपास कमाल मर्यादेला पोचलेत. अजून वाढ हवी असेल तर पद्धत किंवा यंत्रच बदलावं लागेल. उत्तर 2 किंवा त्याहून मोठं आलं तर त्या उत्तम माणसाशेजारी दोन दिवस बसून बघा. तो इतरांपेक्षा दुप्पट हुशार नसतो. त्याच्या ड्रॉवरमध्ये स्वतः बनवलेला कोडचा तक्ता असतो, किंवा अपुऱ्या फाइली तो सकाळीच बाजूला काढतो आणि त्यांच्यासाठी एकदाच फोन करतो. अशा गोष्टी त्याला विचारून कळत नाहीत, कारण त्याच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नसतं.

गिल्बर्ट यांचीच दुसरी मांडणी जास्त प्रसिद्ध आहे. कामगिरीवर परिणाम करणारे घटक त्यांनी सहा खणांत टाकले. वरचे तीन परिस्थितीचे: माहिती, साधनं, मोबदला. खालचे तीन माणसाचे: ज्ञान, क्षमता, इच्छा. त्यांचा आग्रह असा की तपासणी वरच्या खणांपासून करावी, कारण तिथली दुरुस्ती स्वस्त असते आणि तिचा परिणाम सगळ्यांवर होतो. आपण नेमकं उलट करतो. आधी ‘त्याला इच्छाच नाही’ म्हणतो, मग ट्रेनिंगला पाठवतो, आणि प्रिंटर तिसऱ्या मजल्यावर आहे हे सहा महिन्यांनी कळतं.

काय अपेक्षित आहे, हेच ठाऊक नसतं

पहिला खण सर्वांत जास्त दुर्लक्षित. एक चाचणी करून बघा, पंधरा मिनिटं लागतात. मॅनेजरला आणि त्याच्या हाताखालच्या माणसाला वेगवेगळं बसवून ‘या कामातल्या सर्वांत महत्त्वाच्या पाच गोष्टी महत्त्वाच्या क्रमाने लिहा’ म्हणून सांगा. मग दोन्ही कागद शेजारी ठेवा. पाचपैकी चार जुळले तर अपेक्षा स्पष्ट आहेत. दोन-तीनच जुळले तर माणूस मन लावून भलतंच काम करतोय, आणि वर त्याचं अप्रेझल तुम्ही तुमच्या कागदावरून करताय.

अपेक्षा स्पष्ट करायची म्हणजे तीन गोष्टी सांगायच्या: किती, कधीपर्यंत आणि किती बिनचूक. तिसरी हमखास राहते. मग एक जण वेगाच्या मागे लागून चुका करतो, दुसरा एकेक ओळ तीनदा तपासत बसतो, आणि दोघांनाही आपलंच बरोबर वाटतं.

एडविन लॉक आणि गॅरी लेथम यांनी अनेक वर्षं केलेल्या अभ्यासातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. ‘जमेल तेवढं उत्तम करा’ असं सांगितलेल्या लोकांपेक्षा ठरावीक आणि थोडं अवघड लक्ष्य दिलेले लोक जास्त काम करतात. ‘उत्तम’ कुठे संपतं हे ठाऊक नसल्याने माणूस स्वतःच्या सोयीच्या जागी थांबतो. मात्र यात एक मेख आहे आणि टार्गेट वाटणारे ती नेहमी विसरतात. काम नवं आणि गुंतागुंतीचं असेल तर आकड्याचं लक्ष्य उलटं पडतं. रूथ कॅन्फर आणि फिलिप अ‍ॅकरमन यांनी 1989 मध्ये हवाई वाहतूक नियंत्रणाच्या सरावावर केलेल्या प्रयोगांत हे दिसलं. शिकण्याच्या सुरुवातीलाच कामगिरीचं लक्ष्य दिलं की डोक्यातली जी जागा शिकायला हवी असते ती ‘किती झालं, किती राहिलं’ या हिशेबात जाते. म्हणून नव्या माणसाला पहिले काही आठवडे ‘दिवसाला 30’ असं सांगू नका. ‘या आठवड्यात परताव्याचे चारही प्रकार स्वतः हाताळून बघ आणि कुठे अडलं ते लिहून ठेव’ असं सांगा. हात बसला की मग आकडा द्या.

आणि एका वेळी लक्ष्यं तीनच ठेवा. सात लक्ष्यं दिली की माणूस स्वतः निवड करतो, आणि त्याची निवड तुमच्या क्रमाने होत नाही.

सांगण्याची पद्धत

केलेलं काम कसं झालं हे माणसाला कळलं पाहिजे, हे सगळ्यांना मान्य असतं. म्हणून फीडबॅक हे सर्व रोगांवरचं औषध समजलं जातं. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी 1996 मध्ये 600हून जास्त तुलना एकत्र करून पाहिल्या तेव्हा सरासरीने फीडबॅकचा फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी फीडबॅकनंतर काम घसरलं होतं. त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण पटण्यासारखं आहे: बोलणं कामावरून सरकून माणसावर गेलं की त्याचं लक्षही कामावरून उडून स्वतःला सावरण्याकडे जातं. ‘तू निष्काळजी आहेस’ हे माणसावर झालं. ‘काल पाठवलेल्या 12 बिलांपैकी 3 वर तारीख नव्हती’ हे कामावर झालं. यानंतर ‘तारीख कुठल्या टप्प्यावर सुटते?’ असं विचारता येतं. पहिल्या वाक्यानंतर विचारण्यासारखं काही उरत नाही.

वेळही महत्त्वाची. चूक आणि तिची बातमी यांत जितके दिवस, तितका तिचा उपयोग कमी. मार्चमधल्या चुकीबद्दल डिसेंबरच्या अप्रेझलमध्ये बोलणं म्हणजे वरातीमागून घोडं. शक्य असेल तिथे आकडा माणसाला थेट दिसू द्या, साहेबांमार्फत नको. पॅकिंग करणाऱ्याला परत आलेल्या खोक्यांची संख्या रोज संध्याकाळी दिसली तर तो स्वतः दुरुस्ती करतो. तीच संख्या महिन्याने मीटिंगमध्ये वाचून दाखवली तर तो बचाव करतो.

इथे एक फसगत सांगायला हवी. कोणाचा आठवडा फारच वाईट गेला की पुढचा बहुधा बरा जातो, फारच चांगला गेला की पुढचा थोडा उतरतो. तुम्ही काहीही केलं नाही तरी असंच होतं, कारण टोकाच्या आकड्यात नशिबाचा वाटा मोठा असतो. पण वाईट आठवड्यानंतर आपण रागावलेलो असतो आणि चांगल्यानंतर शाबासकी दिलेली असते. मग अनुभवाने पटतं की रागावलं की सुधारतात, कौतुक केलं की शेफारतात. इस्रायली हवाई दलातले प्रशिक्षक अगदी हेच सांगत होते, त्यावरून मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमन यांना ही चूक लक्षात आली. कित्येक साहेबांची तापट शिस्त याच भ्रमावर उभी आहे.

माहिती खालून वरही यायला हवी. एमी एडमंडसन यांनी हॉस्पिटलमधल्या गटांमध्ये औषधांच्या चुकांचा अभ्यास केला तेव्हा चांगलं जमणाऱ्या गटांत नोंदवलेल्या चुका जास्त निघाल्या. ते गट जास्त चुकत होते असं नाही, तिथे चूक सांगायची भीती नव्हती. तेव्हा एखाद्या विभागात चुकांची नोंद शून्य असेल तर खूश होण्याआधी तिथल्या वातावरणाची चौकशी करा.

खोळंबा

दुसरा खण साधनांचा. इथे सर्वांत कामाचं हत्यार म्हणजे एक कोरा कागद. पाच दिवस प्रत्येकाने टेबलावर कागद ठेवायचा, आणि काम पाच मिनिटांहून जास्त अडलं की वेळ, किती मिनिटं आणि कशामुळे एवढंच लिहायचं. नाव लिहायचं नाही. शनिवारी सगळे कागद एकत्र करून कारणवार बेरीज करा. सहीची वाट, पासवर्ड, एकच स्कॅनर, दुसऱ्या विभागाकडून न आलेली माहिती अशी मोजकी चार-पाच कारणं बहुतेक वेळ खातात. पहिलं कारण दूर केल्यावर पुन्हा पाच दिवस तोच प्रयोग करायचा, कारण एक अडथळा गेला की त्याच्यामागे दडलेला दुसरा वर येतो. हे कागद माणसांवर पाळत ठेवण्यासाठी आहेत असा वास जरी आला तरी लोक खोटं लिहितात, आणि त्यात त्यांची चूक नाही.

कामाचा बोजा हा साधनांचाच भाग आहे, आणि इथलं गणित बऱ्याच जणांना धक्का देतं. ‘माणूस 100 टक्के वेळ कामात असला पाहिजे’ हे ऐकायला रास्त वाटतं. पण कामं ठरल्या वेळी येत नसतील आणि प्रत्येकाला लागणारा वेळ कमी-जास्त असेल तर रांगांचं शास्त्र वेगळंच सांगतं. समजा, एका कामाला सरासरी एक तास लागतो. माणसाचा निम्मा वेळ भरलेला असेल तर नव्या कामाला सरासरी 1 तास वाट पाहावी लागते. 80 टक्के भरलेला असेल तर 4 तास. 90 टक्क्यांना 9 तास. 95 टक्क्यांना 19. म्हणजे 80 वरून 95 वर नेताना बोजा दिसायला थोडाच वाढतो, पण खोळंबा जवळपास पाचपट होतो. मग ‘माझं काम कुठपर्यंत आलं’ विचारणारे फोन सुरू होतात, त्यांना उत्तरं देण्यात उरलेले पाच टक्केही जातात, आणि साहेब म्हणतात याचा उरक कमी आहे. ज्याच्याकडे अचानक कामं येतात त्याच्या दिवसात पाचवा हिस्सा मोकळा ठेवणं हा आळस नाही.

अडवणुकीचा आणखी एक प्रकार कागदावर येत नाही, तो म्हणजे सतत काम बदलणं. सोफी लेरॉय यांनी 2009 मध्ये दाखवलं की पहिलं काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलेल्या माणसाच्या मनात पहिल्याचा अंश रेंगाळत राहतो आणि दुसरं काम कच्चं होतं. यावर ‘मल्टिटास्किंग जमलं पाहिजे’ हे उत्तर नव्हे. दिवसातले दोन तास असे ठरवा की त्या वेळात टीममधल्या एकाच व्यक्तीने फोन आणि मेसेज घ्यायचे, बाकीच्यांनी नाही. रोज व्यक्ती बदलायची. काम मध्येच सोडावंच लागलं तर उठण्यापूर्वी ‘कुठे थांबलो, पुढची पायरी कोणती’ अशी एक ओळ लिहून उठायचं. साधी सवय आहे, पण परत आल्यावर धागा शोधण्याची मिनिटं वाचतात.

जागेबद्दल थोडक्यात. ऑफिसच्या कामावरचे अनेक अभ्यास एकत्र करून 2006 मध्ये काढलेला निष्कर्ष असा की कामगिरी 22 अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वाधिक असते आणि 30 अंशांना ती सुमारे 9 टक्क्यांनी घसरते. आवाजाच्या बाबतीत आवाज किती मोठा यापेक्षा त्यातले शब्द कळतात का हे महत्त्वाचं. पंख्याची घरघर मेंदू सोडून देतो, शेजारच्याचं फोनवरचं बोलणं सोडू शकत नाही. वाचन-लेखनाचं काम करणाऱ्यांना फोनवाल्यांच्या शेजारी बसवू नका. आणि ‘दिवे वाढवले काय, कमी केले काय, लोकांकडे लक्ष दिलं की काम वाढतं’ ही हॉथॉर्न कारखान्याची गोष्ट मॅनेजमेंटच्या वर्गांत अजून सांगतात. 1920च्या दशकातल्या त्या प्रकाशाच्या प्रयोगांचे मूळ आकडे 2011 मध्ये पुन्हा तपासले गेले, तेव्हा गोष्टीत सांगतात तसा चमत्कार त्यांत सापडला नाही.

चांगल्या कामाची शिक्षा

मोबदला म्हटलं की पगार आणि इन्सेंटिव्ह डोळ्यांपुढे येतात, पण रोजच्या वागण्यावर लहान गोष्टींचा परिणाम जास्त होतो. चार प्रश्न कागदावर लिहा: काम चांगलं केलं तर माणसाचं भलं काय होतं? वाईट काय होतं? काम खराब केलं तर वाईट काय होतं? भलं काय होतं? दुसरा आणि चौथा प्रश्न विचारायचे असतात हेच कोणाला सुचत नाही. वेळेत काम संपवणाऱ्याच्या टेबलावर दुसऱ्याच्या उरलेल्या फाइली येतात, ही चांगल्या कामाची शिक्षा झाली. अवघड ग्राहकाला दोनदा उडवून लावलं की पुढच्या वेळी तो दुसऱ्याकडे पाठवला जातो, हे वाईट कामाचं बक्षीस. वर्षभर हे पाहिल्यावर पाट्या टाकणं हा शहाणपणाचा मार्ग ठरतो, त्यासाठी मुळात कामचुकार असावं लागत नाही.

जे मोजाल तेच मिळेल, हाही इथलाच भाग. कॉल सेंटरमध्ये प्रत्येक फोनचा सरासरी वेळ मोजून त्यावर बोनस दिला की फोन लवकर संपतात. ग्राहकाचं काम झालेलं नसल्याने तो पुन्हा फोन करतो, आणि एकूण फोन वाढतात. म्हणून वेगाचा आकडा एकटा कधीही लावायचा नाही. त्याच्या जोडीला त्याला रोखणारा आकडा हवा: फोनच्या वेळेबरोबर सात दिवसांत पुन्हा आलेले फोन, पॅकिंगच्या संख्येबरोबर परत आलेली खोकी.

गटाला मिळून एकच आकडा लावला तरी गोची होते. फ्रेंच अभियंता मॅक्स रिंगेलमन यांनी दोरी ओढणाऱ्यांचं बळ मोजलं होतं. माणसं वाढतात तसा एकेकाचा वाटा कमी होतो, हे त्यांनी 1913 मध्ये प्रसिद्ध केलं. त्यातला काही भाग ताळमेळाच्या अडचणीचा असतो, काही अंग चोरण्याचा. नंतरच्या प्रयोगांत दिसलं की प्रत्येकाचा वाटा वेगळा ओळखता येणार असेल तर अंग चोरणं पुष्कळ कमी होतं. गटाचं लक्ष्य ठेवायला हरकत नाही, पण कोणता तुकडा कोणाचा हे आधीच लिहा.

आता माणसाकडे

वरचे तीन खण तपासून झाल्यावर रॉबर्ट मॅगर आणि पीटर पाइप यांचा जुना प्रश्न कामाला येतो: जिवावर बेतलं असतं तर या माणसाला हे काम करता आलं असतं का? उत्तर ‘हो’ असेल तर ट्रेनिंग म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्याला येतं, पण तो करत नाही, म्हणजे कारण वरच्या खणांत राहिलंय. उत्तर ‘नाही’ असेल तर पुढचा प्रश्न, पूर्वी येत होतं का? येत होतं आणि विसरला असेल तर पूर्ण कोर्स नको, सराव हवा. काम वर्षातून दोनदाच येत असेल तर सरावही नको, पायऱ्यांचा एक तक्ता भिंतीवर लावा. क्वचित येणारं, पुष्कळ पायऱ्यांचं आणि चुकलं तर महागात पडणारं काम आठवणीवर सोडायचं नसतं. उलट काही सेकंदांत प्रतिसाद द्यायचा असेल तर तक्ता निरुपयोगी, तिथे हात बसेपर्यंत सरावच लागतो.

ट्रेनिंग वाया जाण्याचं सर्वांत साधं कारण म्हणजे तारीख. सॉफ्टवेअर दोन महिन्यांनी येणार आणि वर्ग आज घेतला, तर तोवर सगळं पुसलं गेलेलं असतं. शिकवल्यापासून आठवड्याच्या आत खरं काम हातात पडलं पाहिजे, आणि पहिली पाच-सहा कामं जाणकाराने शेजारी बसून बघितली पाहिजेत.

क्षमतेच्या खणात झोप पहिली. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना 14 दिवस रोज 4, 6 किंवा 8 तास झोपू दिलं. सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांची एकाग्रता शेवटी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांइतकी खालावली. घातक भाग पुढे आहे: त्यांना स्वतःला फारसं पेंगुळल्यासारखं वाटतच नव्हतं. म्हणून ‘मला सवय आहे’ या उत्तराला तपासणीत किंमत नाही. रात्रपाळी आणि दिवसपाळी यांत किती तासांचा खंड आहे ते वेळापत्रकातून मोजा. जाण्या-येण्याचा आणि जेवणाचा वेळ वजा केल्यावर सात-आठ तास झोपेला उरतात का, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं.

जादा तासांचंही तसंच. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी जॉन पेन्कावेल यांनी 2014 मध्ये पुन्हा तपासल्या. आठवड्याला 49 तासांपर्यंत उत्पादन तासांच्या प्रमाणात वाढत होतं, त्यापुढे वाढ मंदावत गेली, आणि 70 तास काम करणाऱ्यांचं उत्पादन 56 तासवाल्यांपेक्षा फारसं जास्त नव्हतं. मधले चौदा तास जवळपास फुकट. हे हातांच्या कामाचे आकडे आहेत. डोक्याच्या कामात थकव्यातली चूक लगेच दिसत नाही, तिची किंमत दुसऱ्या दिवशी दुरुस्तीत जाते.

इच्छेबद्दल थोडंच सांगतो, कारण तिच्याबद्दल गरजेपेक्षा जास्त बोललं जातं. ‘खूश माणूस जास्त काम करतो’ हे अर्धसत्य आहे. 2001 मध्ये शेकडो गटांचे आकडे एकत्र केले तेव्हा समाधान आणि कामगिरी यांचा सहसंबंध 0.30 निघाला (0 म्हणजे संबंधच नाही, 1 म्हणजे पूर्ण संबंध). संबंध आहे, पण मध्यम. शिवाय काम चांगलं होतं म्हणून माणूस खूश असतो, असंही असू शकतं. सहली आणि वाढदिवसाच्या केकपेक्षा कामाची रचना बदलणं जास्त टिकतं: माणसाला काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत करायला मिळतं का, ते कोणाच्या उपयोगी पडतं हे दिसतं का, पद्धत ठरवण्याची थोडी मुभा आहे का. फक्त तिसऱ्या पानावर शिक्का मारणाऱ्याकडून आपुलकीची अपेक्षा करू नये.

मोजणाऱ्याचा चष्माही तपासा. चार-साडेचार हजार मॅनेजरांना मिळालेल्या गुणांचा 2000 मध्ये अभ्यास झाला, तेव्हा गुणांमधल्या फरकाचा अर्ध्याहून मोठा भाग गुण देणाऱ्याच्या स्वतःच्या सवयींचा निघाला. कोणी सढळ हाताने देतो, कोणी हात आखडून. तेव्हा ‘कामगिरी घसरली’ हे साहेब बदलल्यानंतर लगेच कागदावर आलं असेल तर मूळ कामाचे आकडे मागवा, गुण नकोत.

हे सगळं करूनही रेषा खालीच राहिली तर माणूस आणि काम यांची जोडी जुळलेली नाही, आणि तसं सरळ म्हणावं. सूक्ष्म नजर लागणारं काम गप्पिष्ट माणसाला दिलं गेलेलं असतं, किंवा उलट. अशा वेळी आधी काम बदलून बघायचं, त्यासाठी निदान आठ-दहा आठवडे द्यायचे, आणि त्या काळात त्याच्याभोवती दुसरं काही बदलायचं नाही. नवी जागा, नवा साहेब आणि नवं सॉफ्टवेअर एकाच सोमवारी दिलं, तर फरक पडूनही तो कशामुळे पडला हे कळणार नाही. आणि त्याच्या रिकाम्या खुर्चीवर पुढचा माणूस बसवाल तेव्हा मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारा आणि उत्तरांना जागेवरच गुण द्या. 2022च्या एका मोठ्या फेरतपासणीत अशा आखीव मुलाखतीचा पुढच्या कामगिरीशी संबंध 0.42 निघाला, गप्पा मारत घेतलेल्या मुलाखतीचा 0.19.